चाळीस सेकंद

शेंद्र्याच्या शेडमध्ये लाईन थांबली
चाळीस सेकंद.
रजिस्टरात लाल पेनाने वेळ: अकरा सतरा.
मशीन नंबर सहा. ऑपरेटर सांडू ताठे, राहणार लाडसावंगी.

मीटिंगला पठाडे सुपरवायझर, मोरिवाकी-सान,
खुर्चीच्या कडेवर टेकलेला सांडू,
आणि मधोमध मी, दुभाषी,
सिडकोतल्या क्लासात शिकलेलं जपानी
ओढणीच्या टोकाला बांधून आणलेलं.

त्यांची रीत अशी, की पाच वेळा 'का' विचारायचं.
पाचव्या 'का'च्या खाली खरं कारण असतं म्हणे,
आडात पडलेल्या घागरीसारखं.

लाईन का थांबली?
पुढचा जॉब लावला नाही.
का लावला नाही?
हात थांबला.
का?

सांडूने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.
"पोलादाचा छिलका निघत होता, मॅडम.
रोजच निघतो. बारा वर्सं झाले, निघतो.
पण आज निघाला तो आधी गव्हाळ, मग वांगी कलरचा,
मग निळा. निळा म्हंजी, काय सांगू,
जवसाच्या फुलावानी.
वळत वळत आला भायेर, धूर सोडीत.
म्या बघतच राह्यलो."

बघतच राहिलो.
याचं जपानी काय करू?
'पाहिलं' म्हणावं, तर ते गेटवरचा कॅमेराही करतो.
'लक्ष नव्हतं'
(पठाडे भुवईने तेच सुचवत होते)
तर ते खोटं. लक्ष होतंच,
इतकं, की त्यात पोलादाखेरीज कशाला जागा नव्हती.
आणि 'राहिलो'चं काय?
आपल्यात माणूस भाड्याच्या खोलीत राहतो, उपाशी राहतो,
लग्नाचा राहतो,
आणि बघतही राहतो,
चाळीस सेकंद का होईना, बिऱ्हाड मांडून.
किराडपुऱ्यात माझी अम्मी म्हणते, "देखतीच रह गई मैं."
म्हणजे तीही तिथलीच भाडेकरू.

मग आठवलं. वहीचं शेवटून तिसरं पान,
परीक्षेला येत नाही म्हणून सोडून दिलेलं:
मितोरेरु.
पाहणं आणि भुलणं, एकाच क्रियापदात.
भुलण्याचं अक्षर काढताना
डावीकडे हृदय काढायचं, उजवीकडे 'अचानक'.
आणि हे हृदय उभं असतं बरं का,
क्लासमधले सर म्हणाले होते,
बसलेलं वेगळं.

मी म्हटलं, मितोरेते शिमाइमाशिता.

मोरिवाकी-सानचं पेन थांबलं.
किती वेळ, ते कुणी मोजलं नाही.
"कोणता रंग?" एवढंच विचारलं त्यांनी.
जवस मला सांगता आलं नाही.
मी खिडकीबाहेर पाहिलं, तिथे बाभळी, कंटेनर, धूळ,
जवस कधीच नांगरलेलं.
चौथा 'का' राहूनच गेला.

शेवटचा रकाना उपायाचा.
पठाडेंनी लिहिलं ठळक:
'मशीनच्या दाराची काच काढून पत्रा लावणे.'
मी भाषांतर केलं, शब्दाला शब्द.
पगार त्याचाच मिळतो.
मोरिवाकी-सानने शिक्का उचलला, पॅडवर टेकवला, परत ठेवला.
शाई वाळलीय म्हणाले, उद्या बघू.
पॅड ओलं होतं. त्यांच्या अंगठ्याला लागलेलं मला दिसत होतं.

सुटल्यावर सहा नंबरपाशी गेले.
ती काही माझी वाट नाही.
दुसऱ्या पाळीचा पोरगा एका कानात वायर घालून उभा,
मला बघून त्याने ती घाईने काढली.
काचेआड छिलके निघत होते.
राखाडी. राखाडी. राखाडी.
एक पिवळट.
राखाडी.
मग

पाच दहाची कंपनीची बस माझ्याशिवाय गेली.
करमाड रोडला रिक्षासाठी हात करताना
बोट कापलेलं दिसलं,
आणि रुमालातली ती सुरळी
अजून कोमट होती.